पुंजाबापूंची चिमूट

पुंजाबापूंच्या ओसरीवर पाहुणा टेकला की त्याला पाण्याच्या आधी गायीचा खुराक मिळायचा. पोतंभर नाही, चिमूटभर. बापू आतून पितळी डबा आणत, पाहुण्याला उजवा हात पुढे करायला लावत आणि देवळात तीर्थ द्यावं तशी तळहातावर हिरवट-तपकिरी भुकटी ठेवत. मग समोर उकिडवे बसून त्याच्या तोंडाकडे असं टक लावून बघत, की भल्याभल्याला ठसका लागावा. पाहुण्याचं तोंड वेडंवाकडं झालं की बापू विचारत, "काय कळलं?" त्या बिचाऱ्याला काहीच कळलेलं नसे. "आधी जिभेला इचारा, मंग मला सांगा," असं म्हणून बापू दुसरी चिमूट पुढे करत.

चहा त्यानंतर यायचा.

मी हे ऐकीव सांगत नाही. सायखेड्याच्या दूध संकलन केंद्रावर मी एकवीस वर्षं टेस्टर होतो आणि माझं घर बापूंच्या घरापासून चार दारं सोडून. त्या वर्षांत शतावरी, शेवग्याचा पाला, मेथी, ओवा, सुंठ, बाळंतशेप असं माझ्या पोटात इतकं गेलं आहे, की मला पान्हा फुटला नाही हेच नवल. माझी बायको म्हणायची, "तुम्ही एकदाचे बापूंच्या दावणीलाच जाऊन उभे राहा."

बापूंच्या या चिमटीतून कुणीही सुटलं नाही. एकदा पेंड विकणारा एक विक्रेता चकचकीत पोतं घेऊन आला. पोत्यावर गायीचं रंगीत चित्र, गायही अशी की चित्रातल्या चित्रात हसते आहे. बापूंनी पोतं फोडलं, मूठभर पेंड त्याच्याच हातावर ठेवली आणि खा म्हणाले. तो म्हणाला, हे माणसांचं खाणं नाही. "मंग तू खात नाय ते तिनं का खावं?" बापूंनी विचारलं, आणि पोतं त्याच्या मोटारसायकलला स्वतः बांधून दिलं.

मुलाच्या, विलासच्या, लग्नाची बोलणी करायला मुलीकडची मंडळी आली तेव्हा तर आम्ही शेजाऱ्यांनी श्वास रोखून धरले होते. बापू डबा घेऊन बाहेर आलेच. मुलीच्या वडिलांनी चिमूट तोंडात टाकली, डोळे मिटून चघळली आणि म्हणाले, "मेथी जरा जास्त झालीय, आणि शतावरी जुनी वाटती." बापूंनी पत्रिका न बघता सोयरीक पक्की केली. एवढी खरी जीभ ज्या घरात आहे, त्या घरची पोरगी वाईट निघणारच नाही, असं त्यांचं म्हणणं. निघालीही नाही.

शतावरीच्या मुळ्या आणायला बापू दर दोन महिन्यांनी एसटीने पेठला जात. तिकडच्या डोंगरातल्या बायका बाजारात मुळ्यांच्या जुड्या घेऊन बसतात. बापू आधी विकणारीला मूळ चावून दाखवायला लावत, मग शेजारच्या भाजीवालीला, मग परतीच्या गाडीत कंडक्टरला. तिघांचं मत जुळलं तरच मुळ्या वाळवून कुटायच्या. नाहीतर पुढच्या आठवड्यात पुन्हा पेठ. एवढी छाननी आमच्या केंद्राच्या निवडणुकीतही होत नसे.

यशोदाकाकू म्हणजे बापूंची बायको. त्यांची तऱ्हा वेगळी. त्यांना प्रत्येक वासाची दवंडी पिटायची सवय होती. "अहो, आमटीला लसणाची फोडणी दिलीय बरं का, खमंग वास सुटलाय." "अहो, पेरू पिकलेत, घरभर घमघमाट हाय." "अहो, शेजारी नळ्याच्या घरी मासळी शिजतीय वाटतं." दिवसभर हे चालू. मला वाटायचं, बाई स्वयंपाकाची जाहिरात करतेय. आम्ही केंद्रावर त्यांना आकाशवाणी म्हणायचो. आता त्याची लाज वाटते, पण म्हणायचो हे खरं.

आता चंद्रीकडे येतो, कारण तिच्याशिवाय हे सगळं नुसतं हसण्यावारी गेलं असतं.

चंद्री म्हणजे बापूंची संकरित गाय. काळीपांढरी, कपाळावर चंद्रकोर, स्वभावाने सासूसारखी. नव्वदीचं दशक अर्धं सरलं होतं तेव्हाची गोष्ट. आषाढात ती तिसऱ्यांदा व्याली, कालवड झाली, आणि दुसऱ्या दिवशी चंद्री खाली बसली ती उठेना. जनावरांच्या डॉक्टरांनी कॅल्शियमची बाटली लावली तेव्हा उभी राहिली. पण आधीच्या वेताला बादली भरणारी गाय आता तांब्याभर दूध देऊ लागली. डॉक्टरांनी, अर्थात चिमूट खाऊन, सांगितलं की पाला-मुळ्यांनी भूक सुधारेल, खुशाल द्या, पण माझं कॅल्शियम चुकवू नका. बापूंनी ते चुकवलं नाही. तेही आधी डॉक्टरांना चाखायला लावलं, एवढंच.

विलास सातपूरच्या कारखान्यात नोकरीला होता. रविवारी येऊन त्याने सरळ सांगितलं, की तुम्ही दोघं आता नाशिकला चला, चंद्रीला विका, या वयात शेण काढणं पुरे. पोरगा वाईट नव्हता. आईबापाच्या गुडघ्यांची काळजी करत होता. बापूंनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "दिवाळीपर्यंत थांब. तोवर तिनं बादली भरली नाय, तर मी स्वतः तिला बाजारात नेतो."

बापू बोलले म्हणजे बोलले. उभ्या जन्मात त्यांनी शब्द फिरवलेला कुणी पाहिला नव्हता. म्हणून आम्हाला सगळ्यांना धास्ती वाटली. चंद्रीला बाजारात नेलं तर तिच्या मागोमाग बापूही खचतील, हे सांगायला ज्योतिषी नको होता.

त्या दिवसापासून बापूंनी चंद्रीचं बाळंतपण मांडलं. शतावरी, शेवगा, मेथी, गूळ यांचे नारळाएवढे लाडू वळायचे आणि धारेच्या वेळी तिच्यापुढे ठेवायचे. आमच्याकडे पद्धतच ती. खुराक पुढे असला की गाय शांत उभी राहते, पान्हा सोडते, आणि तेवढ्यात धार काढून घ्यायची. गणपतीपर्यंत दूध अर्ध्या बादलीवर आलं. नवरात्रात पाऊण. बापूंना हुरूप आला आणि त्यांनी मेथी दुप्पट केली.

दसरा झाल्यावर तिसऱ्या दिवशी आमच्या केंद्राचा कॅन शीतकरण केंद्रावरून परत आला. झाकणावर खडूने लिहिलं होतं, 'वास'.

कॅनमध्ये दूध सगळ्यांचं एकत्र असतं. एकाच्या दुधाने चाळीस घरांचं दूध परत आलेलं. अध्यक्ष रागाने लालबुंद होऊन केंद्रावर आले आणि विचारू लागले, की टेस्टर कशासाठी ठेवलाय. इथे एक कबुली द्यायला हवी. टेस्टर डिग्री लावतो, म्हणजे दुधात पाणी किती ते मोजतो, फॅट काढतो, पण त्याआधी झाकण उघडल्या उघडल्या नाकाने दूध हुंगतो. मी नाकावर पोट भरणारा माणूस. आणि त्या दिवशी मला सडकून सर्दी झाली होती. लसणाची आख्खी गड्डी नाकाखाली धरली असती तरी कळली नसती. हे मी अध्यक्षांना सांगितलं नाही. गंभीर चेहरा करून म्हणालो, चौकशी करतो.

दुसऱ्या दिवशी नाक मोकळं झालं आणि चौकशी करावीच लागली नाही. बापूंच्या बादलीवरचं फडकं काढलं, तर बाळंतिणीची खोली उघडल्यासारखा वास. अध्यक्षांनी जागच्या जागी हुकूम काढला, वास जाईपर्यंत पुंजाबापूंचं दूध घ्यायचं नाही.

बापूंनी बादलीत पेला बुडवला, घटाघटा दूध प्यायले आणि म्हणाले, "कुठाय वास?"

चार दिवस हाच वाद. रोज सकाळी ते बादली घेऊन यायचे, मी हुंगून मान हलवायचो, ते पेलाभर पिऊन मला खोटं पाडायचे. रांगेतली माणसं हसायची. मलाही चेव चढला. माझ्याच सर्दीचं पाप झाकायचं होतं, म्हणून मी जरा जास्तच मोठ्याने बोललो, की बापू, नाक आहे की नाही तुमच्या तोंडावर. बापूंनी बादलीवर फडकं ओढलं. मग म्हणाले, "संध्याकाळी घरी ये. चुलीवर तापवून दाखवतो. तापल्या दुधात वास लपत नाय."

दिवाळी बारा-तेरा दिवसांवर होती. विलासने व्यापाऱ्याशी बोलूनही ठेवलं होतं, असं कानावर आलेलं.

संध्याकाळी मी गेलो. काकू मळ्यात कोथिंबीर आणायला गेल्या होत्या. बापूंच्या अंगणाच्या तोंडाशीच मी थबकलो, कारण करपल्याचा वास येत होता. थोडाथोडका नाही, गल्लीतली कुत्री शिंकावीत असा. आत गेलो तर चुलीवर पातेलं, पातेल्यातून काळपट धूर, आणि हातभर अंतरावर पाठ करून बापू शेवग्याचा पाला निवडत बसलेले. अगदी निवांत.

"ये, बस," ते म्हणाले. "दूध तापतच हाय."

मी काही बोलण्याआधी त्यांनी फडक्याने पातेलं उतरवलं, वरवरचं दूध दोन पेल्यांत ओतलं, एक मला दिला, दुसरा स्वतःच्या नाकाशी नेला. डोळे मिटून, चांगला दीर्घ श्वास घेतला. मग एक घोट प्यायले.

"जरा कडसर लागतंय," ते म्हणाले. "पण वास सांग. हाय का कसला वास?"

माझ्या हातातल्या पेल्यात काळे कण तरंगत होते. डोळ्यांत धूर जात होता. आणि समोर हा माणूस, ज्याने पंचवीस वर्षं गावाला चिमटी चाखायला लावल्या, लहान मुलासारखा माझ्या तोंडाकडे बघत होता. तीच ती टक लावलेली नजर. त्या क्षणी मला तिचा अर्थ कळला. ते पाहुण्याची परीक्षा घेत नव्हते. त्यांना स्वतःला जे कळत नव्हतं, ते पाहुण्याच्या चेहऱ्यावर शोधत होते.

"बापू," मी म्हणालो, "दूध करपलंय."

त्यांनी पेला खाली ठेवला.

मग सांगितलं ते असं. तरुणपणी ते लोकांच्या द्राक्षबागांत औषध मारायच्या कामाला जायचे. तोंडाला फडकंसुद्धा न बांधता. एका हंगामानंतर वास यायचा बंद झाला. जिभेला गोड, खारट, कडू एवढं कळतं, पण मेथी की माती, ताजं की कुबट, हे नाही. वाटलं, येईल परत. आला नाही. आणि पुढच्या पावसाळ्यात त्यांनी कपिलीला, म्हणजे तेव्हाच्या गाभण गायीला, बुरशी लागलेली पेंड घातली. वरून चांगली दिसत होती. कपिली गेली, पोटातलं वासरूही गेलं. नंतर ज्याने त्याने ते पोतं हुंगलं आणि विचारलं, अरे एवढा वास मारतोय, तुला कळलं कसं नाही. बापू म्हणाले होते, घाईत होतो.

"तेव्हापासून दुसऱ्याची जीभ उसनी घेतो," बापू म्हणाले. "लोकांना वाटतं म्हातारा चक्रम हाय. वाटू दे. गाय तर मरत नाय." मग हळूच म्हणाले, "हिला सांगू नको. तिला ठाऊक नाय."

मला इतकं वाईट वाटलं, की मी माझ्या सर्दीचं सगळं ओकून टाकलं. त्या दिवशी कॅन माझ्यामुळे गेला, मला वास आला असता तर तुमचं दूध वेगळं ठेवलं असतं, वगैरे. बापू हसायला लागले. म्हणाले, "म्हंजी गावात दोन बिननाकाचे, आन् त्यातला एक टेस्टर."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी केंद्रावर जाताना काकू दारात राखेने पातेलं घासत होत्या. माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "भाऊ, त्यांना वाटतं मला ठाऊक नाय. तुम्ही बी कळू देऊ नका." आणि पुन्हा घासू लागल्या. मी चालू लागलो. आकाशवाणीचा अर्थ मला चार पावलांवर लागला, आणि तिथेच उभा राहून मी उगाच चपलेचा अंगठा बघत बसलो.

त्या दिवसापासून माझं नाक बापूंच्या कामाला लागलं. आम्ही ठरवलं, की वास मेथीचा आहे आणि ती धारेच्या तोंडावर पोटात जाते म्हणून दुधात उतरते. तेव्हा आधी धार, मग लाडू. ऐकायला सोपं आहे. चंद्रीला कुणी सांगायचं? लाडू दिसला नाही म्हटल्यावर पहिल्या दिवशी तिने दूध चढवून धरलं. दुसऱ्या दिवशी बादलीला लाथ घातली. तिसऱ्या दिवशी बापूंना. बापू मांडी चोळत उठले आणि पुन्हा बसले. लाडवाऐवजी पुढे गव्हाचा कोंडा ठेवला, कालवडीला जवळ बांधलं, अर्धा अर्धा तास चंद्रीची मान खाजवत तिच्याशी बोलत राहिले. चौथ्या दिवशी तिने निम्मं दूध सोडलं. मी म्हणालो, लाडूच बंद करा ना, वास आपोआप जाईल. बापू म्हणाले, "ताकद बंद करून वास घालवायचा? हे म्हंजी ताप आला म्हणून माणूसच गाडायचा."

मेथी मुठीवरून चिमटीवर आली. शतावरी आणि शेवगा तसेच ठेवले. मी सकाळ-संध्याकाळ गोठ्यात जाऊन बादली हुंगायचो. वास असला तर बापू कोळशाने भिंतीवर उभी रेघ मारत, कमी असला तर अर्धी, नसला तर ठिपका. पहिले चार दिवस नुसत्या रेघा. मग अर्ध्या. एका सकाळी पहिला ठिपका पडला आणि बापूंनी तो बोटाने इतका मोठा केला की भाकरीएवढा झाला. संध्याकाळी पुन्हा अर्धी रेघ, कारण चंद्रीने दुपारी दावं सोडवून कांद्याची पात खाल्ली होती. बापू तिच्यावर एक शब्दही रागावले नाहीत. दावं बदललं.

वसुबारसेच्या सकाळी विलास बायकोला घेऊन आला. काकूंनी चंद्रीची आणि कालवडीची पूजा करून बाजरीची भाकरी आणि गवारीची भाजी पुढे ठेवली होती. पण बापूंनी त्याआधीच धार काढली होती. बादली काठोकाठ नव्हती, काठाखाली दोन बोटं होती. बापूंनी ती दोन बोटं स्वतःच विलासला दाखवली आणि म्हणाले, "एवढी कमी हाय. काय करू सांग."

सून पुढे झाली, बादलीवर वाकली, तिने वास घेतला आणि सासऱ्याला म्हणाली, "मामा, दूध चांगलंय. दोन बोटं उद्या भरंल." बापाचीच लेक ती. विलासने बादली उचलली आणि स्वतः केंद्रावर घेऊन आला. तिथे अध्यक्षांनी हुंगलं, मी हुंगलं, रांगेतल्या निम्म्या लोकांनी हुंगलं. मग मी दूध कॅनमध्ये ओतलं. कॅन परत आला नाही. चंद्री बाजारात गेली नाही, आणि नाशिकचा विषय विलासने पुन्हा काढला नाही.

पुढे काळ बदलला. दोन हजार साल उलटल्यावर केंद्रावर यंत्र आलं. थेंबभर दूध घातलं की फॅट, डिग्री, सगळं चिठ्ठीवर छापून येतं. झाकण उघडून हुंगायची गरज कुणाला उरली नाही, आणि माझीही उरली नाही. मी घरी बसलो. पण बापू रोज सकाळी चंद्रीच्या नातीचं दूध तांब्यात घेऊन माझ्या दारात यायचे. यंत्राला नाक नाही, म्हणून त्याच्यावर त्यांचा अविश्वास कायम होता. अलीकडे त्यांना चालवेना, तेव्हा मीच त्यांच्या ओसरीवर जाऊ लागलो.

परवा तसाच गेलो. तांब्या नाकाशी धरला.

"कसा हाय वास?" बापूंनी विचारलं.

"चांगला. दुधाचा."

"दुधाचा म्हंजी कसा?"

एकवीस वर्षं मी दूध हुंगलं. मेथी, कांदा, आंबूस, रॉकेलचा हात, सगळं ओळखलं. पण नुसत्या चांगल्या दुधाचा वास कसा असतो, हे मला कुणी विचारलं नव्हतं. मी तांब्या पुन्हा एकदा हुंगला. मग म्हणालो, "बापू, वासरू पिऊन झालं की त्याचं ओलं तोंड आपल्या हाताला घासतं ना, त्यानंतर हाताला येतो तसा."

बापूंनी आपला तळहात उघडला आणि थोडा वेळ नाकाशी धरला. "हां," ते म्हणाले. "तो हाय माझ्या ध्यानात."

एवढ्यात आतून काकूंचा आवाज आला. "अहो, चहात गवती चहा टाकलाय बरं का, सगळीकडं वास सुटलाय."

बापू माझ्याकडे झुकले. "ती का सांगती ते मला कळतं," ते पुटपुटले. "लय वर्षं झाली. पण मला कळतं हे तिला ठाऊक नाय. तू बी कळू देऊ नको."

काकू कप घेऊन बाहेर आल्या. मी म्हणालो, "काकू, बापू मघापासून म्हणतायत, आज चहात गवती चहा दिसतोय." काकू हसल्या आणि पदराने कपाची कड पुसली. बापूंनी कप दोन्ही हातांत धरून नाकाशी नेला आणि चांगला दीर्घ श्वास घेतला.